इतिहास, भूगोल, मराठीच्या तासाला कॉम्प्युटर कसा वापरायचा: पहिल्यांदाच करणाऱ्या शिक्षकांसाठी

मी करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरच्या काठावरच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो, आणि माणूस कमी असला की मराठीचा तासही माझ्याच गळ्यात पडतो. काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने मी शिवराज्याभिषेकावर ६२ स्लाइडची पीपीटी बनवली होती. रात्री दोनपर्यंत जागून. अक्षरं गरगर फिरत यायची, मागे तुतारी वाजायची. तास संपल्यावर विचारलं, कुणाला काही प्रश्न? एकाच पोराने हात वर केला, "सर, ती अक्षरं फिरवायची कशी?" बस, एवढंच. तेव्हापासून पीपीटीचा नाद सोडला आणि पोरांनाच कॉम्प्युटरसमोर बसवायला लागलो, त्यात ज्या ज्या खड्ड्यांत पडलो ते खाली लिहितोय म्हणजे तुम्ही तरी पडू नका.

हे कॉम्प्युटरच्या सरांसाठी नाहीये. ज्यांना मेल पाठवता येतो आणि पेन ड्राइव्ह लावता येतो त्यांच्यासाठी आहे, त्याहून जास्त काही येत नसेल तरी चालतं.

१. आधी प्रश्न, मग मशीन

सगळ्यात आधी कागदावर एक प्रश्न लिहा. असा प्रश्न, की ज्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि फळ्यावर काढता येत नाही. "धरणांचे फायदे-तोटे" हा प्रश्न नव्हे, तो गाइडमध्ये आहे. "आपलं जुनं गाव आत्ता पाण्याखाली नक्की कुठे आहे?" हा प्रश्न. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला कॉम्प्युटर लावला की पोरं उत्तर कॉपी-पेस्ट करून पाच मिनिटांत मोकळी होतात आणि मग उरलेला तास त्यांना गप्प बसवण्यात जातो. टाचणात काय लिहायचं ते लिहा, पण स्वतःसाठी हा एक प्रश्न पक्का करा. तो सापडत नसेल तर त्या दिवशी लॅबमध्ये जाऊच नका, वर्गातच शिकवा, खरंच.

२. लॅब आदल्या दिवशी बघून या

रजिस्टरला बारा कॉम्प्युटर असतात, चालू सात असतात. आमच्याकडे तरी असंच आहे. स्वतः जाऊन एकेक चालू करून बघा, लॅबवाल्या सरांच्या "चालू आहेत हो सगळे" वर जाऊ नका (ते बिचारे खोटं बोलत नाहीत, त्यांनी शेवटचे जूनमध्ये बघितलेले असतात).

बरोबर काय काय लागेल:

- लॅबच्या तासासाठी मुख्याध्यापकांची परवानगी, आणि जमलं तर जोडून दोन तासिका. ३५ मिनिटांत मशीन सुरू होऊन पोरं बसेपर्यंत दहा जातात
- दोन पेन ड्राइव्ह, एकात फक्त तुमच्या फाइली, दुसरा पोरांच्या वापराचा. हे दोन कधीही एकत्र करू नका, लॅबमधला शॉर्टकट व्हायरस एका तासात सगळं खाऊन टाकतो
- प्रोजेक्टर असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. दोनतीनशे रुपयांची वस्तू आहे पण तिच्यावाचून माझे तीन तास वाया गेलेत
- एक्सटेन्शन बोर्ड, थ्री पिनचा
- मोबाइलचा हॉटस्पॉट, पण त्याच्या भरवशावर राहू नका
- बाहेर जाऊन रेकॉर्डिंग करायचं असेल तर पालकांचं संमतीपत्र, वहीच्या पानावर सही घेतलेलं चालतं
- लाइट गेली तर वापरायला नकाशाच्या झेरॉक्स, गटाला एक

सॉफ्टवेअर फुकटचंच घ्या. लिब्रे ऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं) आणि गुगल अर्थ प्रो (उपग्रहाच्या फोटोंचा नकाशा) एवढं पुरे. गुगल अर्थ प्रो पूर्वी विकत होतं, २०१५पासून फुकट आहे. नेट नसलेल्या शाळेत किविक्स नावाचं सॉफ्टवेअर टाका, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येतो आणि नेटशिवाय चालतो.

३. फॉन्टचं लफडं आधीच मिटवा

हे छोटं वाटतं पण नवीन माणूस इथेच हरतो. घरी तुम्ही छान मराठीत प्रश्नपत्रिका टाइप केली, शाळेत उघडली तर सगळी चिन्हं-चिन्हं. कारण तुम्ही जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरला, जो इंग्रजी अक्षरांवरच मराठीचा मुखवटा चढवतो आणि दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. उपाय एकच, युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे अक्षरं कुठल्याही मशीनला मराठीच समजतात. इनस्क्रिप्ट कीबोर्ड (मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी) शिकलात तर उत्तम, आठवड्याभरात हात बसतो. नाहीतर मोबाइलवर बोलून टाइप करा आणि स्वतःला मेल करा. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स घ्या, दोन्ही फुकट.

आणि एक, स्प्रेडशीटमध्ये आकडे टाकताना मराठी आकडे टाकू नका. आमच्या मशीनवर पोरांनी सगळी लोकसंख्या देवनागरीत भरली, बेरीज आली शून्य. मशीन त्याला अक्षरं समजलं. पोरांना वाटलं गावात कुणीच राहत नाही.

४. नकाशाचा तास (हा सगळ्यात भारी होतो)

उजनी धरण १९८०ला पूर्ण झालं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आजी-आजोबा धरणग्रस्त आहेत, पण पोरांना "जुनं गावठाण" म्हणजे पाण्याकडे हात करून दाखवायची एक जागा, यापलीकडे काही माहीत नाही. म्हणून मी हा प्रश्न घेतला. तुमच्याकडे कोयना असेल, जायकवाडी असेल, गिरणी बंद पडून झालेले टॉवर असतील, जे असेल ते घ्या.

आधी मी चुकलो कुठे ते सांगतो. गुगल अर्थमध्ये टाइमलॅप्स आहे, वर्षानुवर्षांचे उपग्रहाचे फोटो पळवून दाखवतो, मला वाटलं धरणाआधीचं गाव दिसेल. पोरांना तसं सांगूनही बसलो. पण ते फोटो १९८४पासूनचेच आहेत, तोपर्यंत पाणी भरून चुकलं होतं! आणि गाव-घरं ओळखू येतील असे स्पष्ट फोटो तर आपल्याकडे २०००नंतरचेच. तेव्हा तास घ्यायच्या आधी स्वतः स्लायडर मागे ओढून बघा, कुठपर्यंत जातोय.

मग १९८०च्या आधीचं कसं दाखवायचं? जुना नकाशा. अमेरिकन सैन्याने १९५०च्या दशकात भारताचे १:२,५०,००० स्केलचे नकाशे छापले होते, ते टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने स्कॅन करून साइटवर फुकट ठेवलेत. आपल्या भागाची शीट उतरवून घ्या आणि असं करा:

- कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश आधी लिहून घ्या, मग नकाशाभोवतीची पांढरी पट्टी कापून टाका, नुसता नकाशा ठेवा
- गुगल अर्थ प्रोमध्ये ॲड मेन्यूत जाऊन इमेज ओव्हरले घ्या, फाइल निवडा
- लोकेशनच्या टॅबमध्ये उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार आकडे भरा, म्हणजे लिहून घेतलेले अक्षांश-रेखांश
- आता पारदर्शकतेची पट्टी हळूहळू सरकवा

ही शेवटची पट्टी स्वतः सरकवू नका, पोराच्या हातात माउस द्या. आमच्या नववीत एका मुलीच्या हातात होता. वरचा जुना नकाशा विरत गेला आणि खालून निळं पाणी वर यायला लागलं. नकाशावर रेल्वेची काळी रेघ होती, ती सरळ पाण्यात जात होती. ती म्हणाली, "सर रेल्वे पाण्यात कशी?" मागून एक पोरगा ओरडला, "अगं डिकसळचा पूल!" डिकसळचा इंग्रजांच्या काळचा पूल या पोरांनी सायकलवरून शंभरदा ओलांडलाय, पण तो मुळात रेल्वेचा पूल आहे आणि धरणामुळे रेल्वे दुसरीकडून वळवली हे त्यांना त्या क्षणी कळलं. माझ्या ६२ स्लाइडमध्ये असं एकदाही झालं नव्हतं.

जुना नकाशा तंतोतंत बसत नाही, थोडा इकडेतिकडे सरकतोच. ते लपवू नका. "का सरकला असेल" यावर दहा मिनिटं बोला, गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची भानगड पुस्तकातल्या आकृतीपेक्षा इथे लवकर कळते.

नंतर २००० नंतरच्या फोटोंमध्ये घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करून उन्हाळ्यातलं वर्ष शोधायला लावा. पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, ते शोधायची पोरांत शर्यत लागते.

इतिहासाला हेच हत्यार पन्हाळा-विशाळगडासाठी वापरा. रूलर घेऊन दोन गडांमधलं सरळ अंतर मोजायला सांगा, चाळीसेक किलोमीटर येतं. पोरं म्हणतात, एवढंच? मग नकाशा तिरका करून दऱ्या-डोंगर दाखवा आणि चालत जाता येईल अशी वाट त्यांनाच काढायला लावा. अंतर चांगलंच वाढतं. १६६०च्या जुलैमधला पाऊस आणि रात्र त्यात कशी मोजायची हे रूलर सांगत नाही, ते तुम्ही सांगायचं.

नेट कमी असेल तर आदल्या रात्री त्याच मशीनवर तो सगळा भाग झूम करून फिरून या, बघितलेला भाग मशीनमध्ये साठून राहतो आणि नेट गेलं तरी बऱ्यापैकी दिसतो. सातही मशीनवर करावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण करा.

५. आजीचं रेकॉर्डिंग

नकाशा झाला की पोरांना घरी पाठवा. मोबाइल बहुतेक घरांत एक तरी असतोच. पण आधी वर्गात एकदा सराव घ्या, नाहीतर काय येतं ते सांगतो: पंख्याचा आवाज, टीव्हीवरची मालिका आणि मध्येच "आजी बोल ना". पंखा बंद, टीव्ही बंद, मोबाइल वीतभर अंतरावर आणि एरोप्लेन मोडवर, म्हणजे मध्ये फोन येऊन रेकॉर्डिंग तुटत नाही. पहिल्या वाक्यात तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते म्हणायचं. फाइलला लगेच नाव द्यायचं, कारण आठवड्याने "रेकॉर्डिंग १७" म्हणजे कुणाची आजी ते देवालाही कळत नाही.

प्रश्नही शिकवावे लागतात. "धरणाने तुमचं नुकसान झालं का?" असं विचारलं की आजी "हो" म्हणते आणि संपलं. "जुन्या घरातून बाहेर पडलं की आधी काय दिसायचं?" असं विचारलं की वीस मिनिटं थांबत नाही.

लिहून काढायला मोबाइलची मराठी व्हॉइस टायपिंग वापरता येते, पण तिला आपली बोली झेपत नाही. "आमी तकडं व्हतो" म्हटलं की भलतंच काहीतरी छापते किंवा पुस्तकी करून टाकते. मी पोरांना सांगतो, मशीनने लिहिलेलं आणि आजी खरं बोलली ते, दोन रकान्यांत समोरासमोर लिहा. मराठीच्या बाईंनी हा कागद बघितला आणि प्रमाणभाषा-बोलीभाषा हा अख्खा धडा त्यावरच घेतला.

रडायला लागली आजी तर रेकॉर्डिंग बंद करायचं, हे मात्र आधीच सांगून ठेवा. आणि कुणाचंही रेकॉर्डिंग घरच्यांना विचारल्याशिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, शाळेच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

६. आकडे आणि तारखा

जनगणनेच्या साइटवर जिल्हा जनगणना पुस्तिका मिळतात, त्यात गावनिहाय आकडे असतात, किती घरं, किती बाया शिकलेल्या, सगळं. २०११ची घ्या, आणि १९६१ची स्कॅन केलेली मिळाली तर तीही. पोरांनी आपापल्या गावाची ओळ शोधून लिब्रे ऑफिसच्या शीटमध्ये भरायची. सोबत राज्याचा आकडा ठेवा म्हणजे तुलना होते: महाराष्ट्र १९६१ला ३,९५,५३,७१८ आणि २०११ला ११,२३,७४,३३३, म्हणजे पन्नास वर्षांत पावणेतीनपटीच्या वर. तुमचं गाव तेवढं वाढलं का? नसेल तर माणसं गेली कुठे? पुण्याला, सर, असं पोरंच सांगतात. ट्रॅप एवढाच की जुन्या इंग्रजी यादीत गावाचं स्पेलिंग वेगळं असतं, नावाने सापडलं नाही तर शेजारच्या गावांवरून शोधा.

आता तारखा. इतिहासाच्या शिक्षकाने हे वाचाच. एक्सेलची दिनदर्शिका १ जानेवारी १९००पासून सुरू होते. त्याआधीची तारीख टाकली तर ती त्याला तारीख वाटतच नाही, नुसती अक्षरं. अफझलखान वधाची १० नोव्हेंबर १६५९ टाका, ना क्रम लागतो ना वजाबाकी होते. लिब्रे ऑफिस जुन्या तारखा घेतं, म्हणून मी तेच वापरतो.

पण तिथेही एक गंमत आहे. ६ जून १६७४ टाकून वार विचारला तर ते बुधवार सांगतं. एका हुशार पोराने पंचांगाच्या पुस्तकात बघितलं, राज्याभिषेकाचा वार शनिवार! मशीन चुकलं का? नाही. ६ जून ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, इंग्रज १७५२पर्यंत तेच वापरत होते. मशीन आजचं ग्रेगोरियन धरून चालतं, त्या हिशोबाने तो दिवस १६ जून १६७४, आणि १६ जून टाकलात तर बरोब्बर शनिवार येतो. हे वर्गात करून दाखवा, पोरं हलत नाहीत जागची.

शक आणि सनाचा हिशोबही शीटमध्ये करून घ्या. एका रकान्यात शके, शेजारी अधिक ७८चं सूत्र. राज्याभिषेक शके १५९६, अधिक ७८, १६७४. जमलं. आता शिवजन्म शके १५५१, अधिक ७८, १६२९? पण आपण तर १६३० म्हणतो. कारण तिथी फाल्गुनातली, जानेवारी ते मार्चमधल्या तिथींना इंग्रजी वर्ष बदललेलं असतं पण शक बदललेला नसतो, तिथे ७९ मिळवायचे. सूत्र आंधळेपणाने खाली ओढायचं नाही हे पोरांना मी सांगून कळलं नसतं, ते शिवजयंतीच चुकली म्हटल्यावर कळलं.

७. मराठीच्या तासाला

इथे सगळ्यांना वाटतं कॉम्प्युटरचं काय काम. सोपा खेळ सांगतो. विकिस्रोत या जुनं साहित्य फुकट ठेवणाऱ्या साइटवरून संतांचे अभंग टेक्स्ट फाइलमध्ये घ्या आणि कंट्रोल एफ दाबून "राम" किती वेळा येतो ते मोजायला लावा. मोठा आकडा येतो. मग एकेक बघायला सांगा. आराम, विराम, संग्राम, ग्राम, प्रामाणिक, सगळ्यांत राम लपलाय! खरे राम किती ते हाताने मोजावं लागतं. आणि "विठ्ठल" शोधला तर विठोबा, विठू, पांडुरंग हे सगळे निसटतात. कोणते शब्द एकत्र मोजायचे हे ठरवताना पोरं जे भांडतात ना, तोच मराठीचा तास.

एक चकवा अजून. "दुसऱ्या"मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, पण मशीनला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शोधून सापडत नसेल तर डोळ्यांसमोरचाच शब्द कॉपी करून शोधा.

चॅटबॉटबद्दल सगळे विचारतात. मी एकदा पोरांसमोर एका चॅटबॉटला पाण्यावरचा तुकारामांचा अभंग मागितला. त्याने दिला. शेवटी "तुका म्हणे" पण होतं. गाथेत शोधला, कुठेच नाही, स्वतःच रचून ठोकून दिलेला. तेव्हापासून मी तो अभंग मुद्दाम वर्गात वापरतो, खोटा कसा ओळखायचा यासाठी. कुणाला शब्द आजचा वाटतो, कुणाला मात्रा अडखळतात. पण पोरांना गृहपाठाला एकटं त्याच्याकडे पाठवू नका.

विश्वकोशाचे वीसही खंड नेटवर आहेत, तोच विषय विश्वकोशात आणि विकिपीडियात काढून फरक शोधायला लावा. विकिपीडियात वर "इतिहास" असा टॅब असतो, कोणी काय कधी बदललं ते दिसतं.

८. प्रत्यक्ष तास कसा हाकायचा

पन्नास पोरं, सात मशीन. एका मशीनवर चौघांपेक्षा जास्त बसवू नका, पाचवा फक्त खिडकीबाहेर बघतो. म्हणून अर्धा वर्ग लॅबमध्ये, अर्धा वर्गात झेरॉक्सच्या नकाशावर तेच काम करतो आणि पुढच्या तासाला अदलाबदल. चौघांची कामं ठरवून द्या: एक माउसवर, एक वाचणारा, एक लिहिणारा, एक शंका काढणारा. दर दहा मिनिटांनी माउस पुढे सरकला पाहिजे, नाहीतर ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तोच शेवटपर्यंत धरून बसतो, आणि मुली मागे राहतात. हे मी बघितलंय, त्यामुळे मी सरळ शिट्टी वाजवतो.

लाइट गेली तर चिडू नका. झेरॉक्स काढा आणि सुरू ठेवा. पंधरा मिनिटांत आली तर बरं, नाही आली तर त्या दिवशी आजीचे प्रश्न तयार करून घ्या.

मार्क द्यायचे तर सुंदर पीपीटीला देऊ नका. "हे तुला कुठून कळलं?" या एका प्रश्नाला पोरगं बोट ठेवून दाखवू शकलं का, त्याला द्या.

९. काम झाल्यावर

सगळ्या फाइली तीन ठिकाणी ठेवा, लॅबच्या एका मशीनवर, तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये आणि नेटवरच्या ड्राइव्हला. आमच्या पहिल्या वर्षीची रेकॉर्डिंग एकाच मशीनवर होती आणि मशीन दुरुस्तीला गेलं ते फॉरमॅट होऊनच आलं. दुरुस्तीला देण्याआधी "डेटा काढलाय का" हे मी विचारलं नव्हतं.

आणि ज्यांचं रेकॉर्डिंग केलं त्यांच्या घरी एक कॉपी नेऊन द्या, जमलं तर बसून ऐकवा. गेल्या वर्षी एका आजींना मी स्वतः ऐकवलं, सोबत पोरांनी त्यांच्या सांगण्यावरून काढलेला जुन्या गावठाणाचा नकाशा होता. आजींनी दोनदा ऐकलं, मग नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, ही आळी हितं न्हाई, मारुतीच्या मागनं जायची, मीच चुकीचं सांगितलं त्या दिवशी." मोबाइल पुन्हा काढला, पंखा बंद केला.